फोन घ्यायचा, पण हिशेब कुणाचा?



बियाणे कोणते, फवारा कशाचा, पाळी कधी घालायची, हे प्रश्न आमच्या सवयीचे आहेत. शेतकी कॉलेजात आम्ही तेच शिकलो आणि चळवळीत आल्यावरही ते सुटले नाहीत. अलीकडे मात्र म्हसवड, आटपाडी, जत, कुठलीही बैठक संपली की दोघे-चौघे एक निराळाच प्रश्न घेऊन मागे थांबतात. "दोन फोन बघून आलोय. किंमत जवळपास सारखी. एकाची बॅटरी दणकट, दुसऱ्याचा कॅमेरा भारी. कुठला घेऊ?" मराठवाड्यातील कापूसवाले भेटले तरी तेच विचारतात.

या प्रश्नावर हसणारे लोक आहेत. शेतकऱ्याला फोनची चैन कशाला, असे ते विचारतात. हे विचारणारा आपल्या खिशातला फोन चैन समजत नाही, हे सोडून देऊ. पण शेतकऱ्याच्या हातात हा फोन कुणी दिला, ते आधी पाहिले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठी लिहायचा तो पेरा आता शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहून, पिकाचा फोटो काढून नोंदवायचा. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत सरकारने २०२४ मध्ये दिली. तेव्हा यादी आधी या ई-पीक पाहणीवरूनच निघाली. ज्यांची नोंद नव्हती त्यांनी ओरड केली, मग सातबाऱ्यावरची नोंदही धरणे भाग पडले. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, त्यावरच दिवस ठरवून घ्या, असा नियम झाला. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार. म्हणजे फोन ही आता शेतकऱ्याची हौस राहिलेली नाही. पाभर आणि तिफण जशी, तसेच हे औजार आहे. फरक एवढाच, की पाभर आपल्या गरजेने घेतली आणि फोन सरकारच्या गरजेने घ्यावा लागला.

औजार म्हटले की त्याची किंमत धान्यात मोजावी. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये होती. १४,००० रुपयांचा फोन म्हणजे पावणेचार क्विंटल ज्वारी. माणच्या कोरडवाहू रानात एका एकराला पावणेचार क्विंटल शाळू पडला तर त्या साली पाऊस बरा झाला असे आपण म्हणतो. म्हणजे एका फोनपायी एका एकराचे धान्य गेले, घरी राहिला तो कडबा. लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत त्याच वर्षी ८,११० होती, त्या हिशेबाने पावणेदोन क्विंटल कापूस. हे भाव सगळ्यांच्या पदरात पडतात असेही नाही. तेव्हा कुठला फोन घेऊ हा प्रश्न ट्रॅक्टरच्या प्रश्नाइतकाच नीट विचारून सोडवायला हवा.

दुकानात समोर मांडतात ते दोन फोन साधारण असे असतात. पहिला जाड, जड, ६,००० एमएएचच्या बॅटरीचा, आवाजाला मोठा, दिसायला ओबडधोबड. त्याचा कॅमेरा कामापुरता असतो. दुसरा पातळ, चकचकीत, रंग उठून दिसणारा. त्याचा कॅमेरा चांगला, प्रोसेसर जलद, बॅटरी ५,००० ची आणि काच अशी की बांधावर हातातून सुटला तर संपलाच. दुकानदार दुसरा विकायला बघतो. घरातला तरुण पोरगाही दुसऱ्याकडेच ओढतो. त्यात पोराचे चुकते असे नाही, त्याची गरज वेगळी आहे. पण पैसे ज्या रानातून येणार, त्या रानाची गरज काय, हे आम्ही इथे बघणार आहोत.

प्रथम कॅमेऱ्याचे बघू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच आहे. खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलेले असते. प्रत्यक्षात असे बरेच फोन चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. त्यात वाईट काही नाही, पण आकड्याला भुलण्याचे कारण नाही. तोच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तो आणखी दाबून लहान केला जातो. कृषी सहायकाकडे पोचेपर्यंत भारी कॅमेरा आणि साधा कॅमेरा यांत फारसे अंतर उरत नाही. दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' नावाचा जादा कॅमेरा लावून त्याचे पैसे घेतात, तो तर निव्वळ गिनती वाढवायला असतो.

आणि कॅमेरा कितीही चांगला असला तरी कपाशीतली गुलाबी बोंडअळी फोटोत दिसणार कशी? ती बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. तिच्यासाठी डोमकळ्या मोजाव्या लागतात, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग येतात का ते बघावे लागते, वीस हिरवी बोंडे तोडून चिरावी लागतात. त्यात दोन बोंडांत अळी निघाली की फवारणीची वेळ झाली. हे काम नखाने आणि विळ्याने होते. ज्वारीची पोंगेमर ओळखायची तर पोंगा उपटून खालचे टोक बघा, कुजून वास येतो. फोटोला वास नसतो. पानावरचा मावा, चिकटा, लष्करी अळीने पोंग्यात केलेली भोके, यांचे फोटो उपयोगी पडतात, नाही असे नाही. पण त्यासाठी पान उलटे करून, आपल्या अंगाच्या सावलीत धरून, वीतभर अंतरावरून फोटो काढायचा असतो. एवढे बारा-पंधरा हजारांतला कुठलाही कॅमेरा करतो. ज्या कॅमेऱ्याला वीतभरावरून नीट फोकस धरता येत नाही तो तेवढा नको. दुकानात आपल्या तळहाताच्या रेषांचा फोटो काढून बघा, लगेच कळेल.

आता जागेचे बघू. ई-पीक पाहणीत खरा घोळ कॅमेऱ्याचा नसतो, जागा सापडण्याचा असतो. तुम्ही आपल्याच रानात उभे असता आणि ॲप म्हणते, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. असे का होते? मोकळ्या आभाळाखाली साधा फोन आपली जागा पाचेक मीटरच्या फरकाने सांगतो, झाडाखाली किंवा ढवळीत फरक आणखी वाढतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे अवघे दहा मीटर. वाटण्या होऊन होऊन आपली राने पट्ट्यासारखी झाली आहेत. बारा मीटर रुंदीच्या पट्टीत पाच-सात मीटरची चूक म्हणजे तुम्ही भावकीच्या गटात जाऊन उभे! त्यात सरकारी नकाशाची हद्द आणि रानातला बांध यांचा मेळ नसला तर विचारूच नका. या कामात दोन फोनांत फरक पडतो. काही फोन उपग्रहाचे दोन प्रकारचे संदेश धरतात, एल-एक आणि एल-पाच, आणि काहींना आपल्या इस्रोचे नाविकही चालते. असे फोन जागा जास्त नेमकी आणि लवकर धरतात. गंमत अशी की हे वैशिष्ट्य जाहिरातीत शोधून सापडत नाही. म्हणून फोन घेताना दुकानाबाहेर मोकळ्यावर या, नकाशा उघडा आणि निळा ठिपका रस्त्यावर आहे की समोरच्या घरात शिरलाय ते बघा. दोन्ही फोनांवर बघा. दुकानदार कुरकुरेल. पावणेचार क्विंटल आपण देतोय, त्याने दोन मिनिटे द्यावीत.

रेंजचेही तसेच. म्हसवडच्या बाजारपेठेत सगळ्याच कंपन्यांची रेंज असते, प्रश्न वस्तीवरचा आहे, टेकडीच्या आडचा आहे. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, भिंतीतून आणि झाडोऱ्यातून शिरते. जास्त फ्रिक्वेन्सीची लहर जवळच संपते, पण तिच्यात वेग असतो. शहरातल्या माणसाला वेग लागतो, आपल्याला पोच लागते. बीएसएनएलची फोर-जी सेवा ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. फोनच्या कागदावर त्याला बँड २८ आणि बँड १ म्हणतात. यातला २८ नसला तर मनोरा समोर दिसत असूनही लांबवरची रेंज तुमच्या फोनला मिळणार नाही. फाइव्ह-जीचा शिक्का बघून जादा हजार-दीड हजार मोजण्याआधी आपल्या वस्तीवर फोर-जी तरी धड येते का, ते शेजाऱ्याच्या फोनवर पाहून घ्यावे. आणि आपल्या वस्तीवर चालते त्याच कंपनीचे कार्ड घाला, जावयाच्या गावात चालते त्या कंपनीचे नको.

बॅटरीच्या बाबतीत आम्ही थोडे आकडे मांडतो. ६,००० एमएएच म्हणजे साधारण २३ वॅट-तास वीज. दहा वॅटच्या चार्जरने ती भरायला, वाया जाणारी धरून, तीन तासांच्या आसपास लागतात. ३३ वॅटच्या चार्जरने सव्वा-दीड तासात काम होते. वस्तीवर लाइट येते-जाते, त्यामुळे नुसती मोठी बॅटरी घेऊन भागत नाही. जी मिळेल तेवढ्या वेळात भरली पाहिजे. मोठ्या बॅटरीबरोबर खोक्यात दहा वॅटचाच चार्जर दिला असेल, किंवा काहीच दिला नसेल, तर तो खर्च किमतीत धरा. आणखी एक. लिथियमच्या बॅटरीला उन्हाचे वावडे आहे. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये. चैत्र-वैशाखात ट्रॅक्टरच्या पत्र्यावर फोन ठेवून चार्जिंगला लावतात, त्या फोनची बॅटरी दोन उन्हाळे काढत नाही. मग कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

बॅटरी वाचवण्याच्या नादात एक मोठा धोका दडलेला आहे आणि तो कुणी सांगत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे. आपल्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असली की ते इशारा देते. माणदेशात माळावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरबांधवांना आणि उन्हाळी वळवात काढणीला गेलेल्या बायाबापड्यांना याची किती गरज आहे हे सांगायला नको. पण कित्येक स्वस्त फोन बॅटरी टिकल्याचे दाखवण्यासाठी मागे चाललेली ॲप आपोआप बंद करतात. फोन खिशात, ॲप फोनमध्ये आणि इशारा मात्र आलाच नाही, असे होते. सेटिंगमध्ये बॅटरीच्या खात्यात जाऊन त्या ॲपला 'निर्बंध नाही' करावे लागते आणि जागेची परवानगी कायम द्यावी लागते. कुठलाही फोन घ्या, हे पहिल्या दिवशी करा. मग त्या इशाऱ्याचा आवाज मळणी यंत्राच्या घरघरीत ऐकू येतो का, तेही बघा. इथे पहिल्या फोनचा मोठा आवाज कामाला येतो. गाणी ऐकायला त्याचा काही उपयोग नाही, फुटका वाजतो.

म्हसवडकरांसाठी एक खास गोष्ट. इथे माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. असल्या केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, त्याला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. पण फोनमध्ये एफएम असायला हवा, आणि फोनमधला एफएम बहुधा इअरफोनच्या वायरीलाच एरियल करतो. नव्या झकपक फोनांत कंपन्यांनी इअरफोनचे भोकच काढून टाकले, एफएमही बंद केला. २०२३ मध्ये केंद्र सरकारला कंपन्यांना सांगावे लागले, की ज्या फोनांत एफएमची सोय आहे तिथे ती बंद ठेवू नका. आपत्तीत मनोरे बंद पडले तरी रेडिओ चालतो, हा त्यामागचा विचार होता. तो आम्हाला पटतो. आमच्या समोरच्या दोन फोनांत हे भोक जाड्या फोनलाच आहे.

धुळीबद्दल थोडे. खोक्यावर आयपी ५४, आयपी ६४ असे लिहिलेले असते. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. मळणीत ज्वारीचे कोंडुस कुठे कुठे जाते हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा आपल्यासाठी पहिला आकडा महत्त्वाचा. पाच म्हणजे धूळ थोडी शिरेल पण काम बंद पडणार नाही, सहा म्हणजे शिरणारच नाही. उन्हात पडदा दिसतो का हा मुद्दा दुसऱ्या फोनच्या बाजूने जातो. त्याचा पडदा भर दुपारी वाचता येतो, पहिल्याचा वाचायला पदर किंवा टोपी आड धरावी लागते. हे आम्ही कबूल करतो, आणि ज्यांची नजर पन्नाशीनंतर कमी झाली आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा.

एकूण बघता आमचा कौल पहिल्या, जाड्या फोनला आहे. मात्र त्याला एक अट आहे. त्यात रॅम किमान सहा जीबी असावी आणि साठा १२८ जीबीचा. चार जीबीच्या फोनला 'आठ जीबीपर्यंत वाढते' असे सांगून खपवतात. ती वाढ साठ्यातून उसनी घेतलेली असते, खऱ्या रॅमचे काम तिच्याने होत नाही. सरकारी ॲप दरवर्षी फुगत जातात आणि दोन वर्षांत चार जीबीचा फोन बसकण मारतो. तसेच कंपनी किती वर्षे सुरक्षेचे अपडेट देणार, हे विचारा. फोनवर बँक आली आहे, त्यामुळे हे कुलूप जुने होऊन चालत नाही. या दोन गोष्टींत जाडा फोन कमी पडत असेल आणि पातळ फोन पुरा पडत असेल तर आम्ही पातळ फोन घ्या म्हणू, वर शंभर-दोनशेचे जाड रबरी कव्हर घाला म्हणू.

आमच्या भागातल्या गलाईवाल्या कुटुंबांत तिसरीच वाट असते. सोने-चांदी गाळायला देशभर पसरलेला भाऊ किंवा मुलगा आपला जुना भारी फोन घरी पाठवतो. फुकटचा म्हणून तो वाईट नाही, पण अपडेट संपलेले असतील आणि बॅटरी उतरली असेल तर तो घरात पोरांच्या अभ्यासाला ठेवावा. बँकेचे कार्ड त्यात घालू नये.

आणि फोन कुणाच्या हातात राहणार, हे कुणी विचारतच नाही. नोंद नवऱ्याच्या फोनवर, नवरा तालुक्याला, आणि रानात वेचणीला बाई. ओटीपी आला की तिला कळणार कसे? बायकांना फोन जमत नाही म्हणणाऱ्यांनी म्हसवडचाच इतिहास आठवावा. माणदेशी महिला सहकारी बँकेचा अर्ज रिझर्व्ह बँकेने आधी फेटाळला होता, कारण अर्जदारांत अंगठा उठवणाऱ्या बाया होत्या. त्या बाया लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. ज्यांना व्याज तोंडी काढता येते त्यांना फोनवर मराठीत बोलून टाइप करणे अवघड नाही. घरात एकच फोन घेणार असाल तर जो माणूस जास्त दिवस रानात असतो त्याच्या हाताला, नजरेला आणि आवाजाला जुळणारा घ्या. बहुतेक घरांत तो माणूस बाई आहे. दोन माणसे दोन ठिकाणी असतील तर १४,००० च्या एका फोनऐवजी आठ-नऊ हजारांचा एक टच फोन आणि बटणाचा एक फोर-जी फोन हा हिशेब पुष्कळदा बरा बसतो. ओटीपी बटणाच्या फोनवरही येतो.

हप्त्याबद्दल एकच सांगतो. 'शून्य टक्के व्याज' या पाटीखाली प्रक्रिया शुल्क आणि रोख खरेदीवर मिळाली असती ती सूट, असे दोन्ही गिळलेले असते. शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना सुनावले होते. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो, कापूस महिन्याला येत नाही. वेचणीचे पैसे हातात आल्यावर रोखीने घ्या आणि पक्के बिल घ्या.

ते बिल हातात आले की त्यातली जीएसटीची ओळ वाचा. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ होता. सप्टेंबर २०२५ मध्ये करांची फेररचना झाली तेव्हा ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ठिबकवरचाही आला. मोबाईल होता तिथेच राहिला. १४,००० च्या फोनमध्ये २,१३५ रुपये कर आहे, म्हणजे ५७ किलो ज्वारी. ज्या औजाराशिवाय पेरा नोंदवता येत नाही, सीसीआयला कापूस घालता येत नाही, ते औजार सरकारच्या लेखी शेतीच्या औजारांच्या रांगेत नाही. एक तर शेतकऱ्याच्या फोनवर ट्रॅक्टरएवढाच कर घ्या, नाही तर ज्या नोंदी सरकारला हव्या आहेत त्या सरकारने आपल्या माणसाकडून, आपल्या फोनवर, रानात येऊन करून घ्याव्यात. गावोगाव सहायक नेमले आहेत म्हणतात. त्यांनी बांधावर यावे, आम्ही चहा पाजू.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडायचा आहे. येताना फोनची बिले घेऊन या, कर किती भरला त्याची बेरीज तिथेच करू. फोनही बरोबर असू द्या. दामिनीचे बॅटरीचे सेटिंग करून द्यायला आमची दोन मुले दाराशी बसतील.